जुन्या घरगुती संगणकाचा पॉवर सप्लाय तापू नये म्हणून

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८० च्या दशकातला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आपण पुन्हा वापरात आणला आहे, तो चालतोही, पण तासाभरात त्याचा पॉवर सप्लाय आणि संगणकाची मागची बाजू इतकी तापते की हात ठेववत नाही, आणि त्यानंतर पडद्यावर दोन फिकट आडवे पट्टे हळूहळू वर सरकू लागतात. कमोडोर ६४ या त्याच काळातल्या दुसऱ्या संगणकाचा मूळ पॉवर सप्लायही आपल्याकडे आहे आणि तो तसाच वापरावा का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही: तो मूळ पॉवर सप्लाय आज, आत्ता, संगणकापासून काढून ठेवावा. कारण पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण पॉवर सप्लाय तापणे ही एक तक्रार असली तरी तिच्यामागची कारणे निरनिराळी असतात, आणि नेमके कारण न शोधता पंखा लावून मोकळे होणारे लोक मूळ दोष झाकून ठेवतात.

उष्णता येते कुठून, इथून सुरुवात करू. स्पेक्ट्रमच्या बाहेरच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) आणि एक मोठा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) एवढेच असते. त्यावर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर असे छापलेले असले तरी हे ९ व्होल्ट नियंत्रित नसतात. लोड, म्हणजे वीज घेणारे यंत्र, जोडलेले नसताना तिथे १२-१३ व्होल्टही सहज दिसतात. त्यांचे स्थिर ५ व्होल्ट करण्याचे काम संगणकाच्या आत बसवलेला ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर करतो, आणि तो ते करतो जास्तीचा दाब (व्होल्टेज) स्वतःवर घेऊन, म्हणजेच उष्णतेत घालवून. समजा रेग्युलेटरच्या तोंडाशी सरासरी ११ व्होल्ट आहेत आणि संगणक ०.८ अँपिअर घेतो आहे. संगणकाला मिळतात ५ गुणिले ०.८, म्हणजे ४ वॅट. आणि रेग्युलेटरमध्ये जळतात ६ गुणिले ०.८, म्हणजे ४.८ वॅट. संगणक जेवढी वीज कामाला लावतो तिच्यापेक्षा जास्त वीज त्याचा रेग्युलेटर तापवण्यात जाते, आणि हा बिघाड नसून त्या काळच्या स्वस्त व भरवशाच्या रचनेचा स्वभाव आहे. १२८ के स्पेक्ट्रमच्या उजव्या कुशीला बाहेरून जी काळी, पाती असलेली लांबलचक हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारी धातूची पट्टी) दिसते, ती याच कारणाने तिथे आली.

आता ही ४.८ वॅट उष्णता बाहेर कशी पडते ते पाहू. तिच्या वाटेत तीन अडथळे असतात. चिपपासून तिच्या पाठीवरच्या धातूपर्यंत प्रत्येक वॅटमागे सुमारे ५ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. धातूपासून हीटसिंकपर्यंतचा जोड चांगला असेल तर आणखी १ अंश. आणि हीटसिंकपासून हवेपर्यंत, तिच्या आकारानुसार, समजा १० अंश. एकूण १६ अंश प्रतिवॅट, म्हणजे ४.८ वॅटला चिपचा गाभा आतल्या हवेपेक्षा सुमारे ७७ अंशांनी जास्त गरम. बंद पेटीतली हवा ४० अंशांवर असेल तर गाभा ११७ अंशांवर जातो. या जातीच्या रेग्युलेटरची कामाची मर्यादा बहुधा १२५ अंश धरली जाते आणि १५० अंशांच्या आसपास तो स्वतःच बंद पडतो. म्हणजे सगळे काही नीट असतानासुद्धा हाताशी फक्त आठ अंश उरतात. हा आकडा डोक्यात पक्का बसला की पुढच्या प्रत्येक बारीक सुधारणेचे मोल आपोआप कळते.

भिंतीतून येणाऱ्या विजेचा दाबच जास्त असेल तर काय होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर २४० व्होल्टवर चालवला की दुय्यम, म्हणजे बाहेर देणाऱ्या, बाजूचे ११ व्होल्ट १२ होतात. वाढ अवघी नऊ टक्के. पण संगणकाला हवे असलेले ५ व्होल्ट तेवढेच राहिल्याने ती सगळी रेग्युलेटरच्या वाट्याला येते, आणि त्याची उष्णता ४.८ वरून ५.६ वॅटवर, म्हणजे सुमारे सतरा टक्क्यांनी चढते. शिवाय ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा संपृक्त होण्याच्या, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू न शकण्याच्या, जवळ गेला की त्याचे स्वतःचे तापणे दाबाच्या मानाने फार वेगाने वाढते, आणि लोड नसतानाही डबा गरम लागू लागतो. अशीच फसगत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा पॉवर सप्लाय उतरत्या ट्रान्सफॉर्मरवरून ५० हर्ट्झच्या विजेवर चालवताना होते. व्होल्ट बरोबर असतात, पण वारंवारता कमी असल्याने गाभ्यातला चुंबकीय प्रवाह वाढतो आणि ६० हर्ट्झपुरता बेताचा गाभा असलेला ट्रान्सफॉर्मर भाजून निघतो. म्हणून डब्याच्या पाठीवरचे लेबल आधी वाचावे आणि आपल्या सॉकेटमधले खरे व्होल्ट दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजून लिहून ठेवावेत.

त्या सरकत्या पट्ट्यांकडे वळू. रेक्टिफायरनंतरचा कपॅसिटर दोन शिखरांच्या मधल्या काळात एकट्याने लोड पेलतो. ५० हर्ट्झच्या विजेला सेकंदाला १०० शिखरे येतात. कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा आणि लोड ०.८ अँपिअरचा असेल तर प्रत्येक खेपेला दाब ढोबळमानाने ३.६ व्होल्टांनी खाली येतो, प्रत्यक्षात थोडा कमी. शिखर १२.८ असेल तर दरी, म्हणजे दोन शिखरांमधला सर्वांत खालचा दाब, ९.२ वर राहते. ७८०५ ला स्थिर ५ व्होल्ट देण्यासाठी तोंडाशी किमान ७ व्होल्ट लागतात, त्यामुळे इथवर चिंता नाही. पण चाळीस वर्षांत कपॅसिटर सुकून त्याची क्षमता निम्मी झाली, तर दरी ७ च्या खाली घसरते आणि सेकंदाला १०० वेळा संगणकाचे ५ व्होल्ट क्षणभर ढळतात. चित्र सेकंदाला ५० च्या आसपास वेळा, पण नेमके ५० वेळा नव्हे, रंगवले जाते. म्हणून प्रत्येक चित्रात दोन पट्टे दिसतात आणि त्या किंचित फरकामुळे ते एका जागी न थांबता सावकाश सरकतात. आपण सांगितलेले लक्षण हुबेहूब हेच आहे. माझा पहिला संशय त्या कपॅसिटरवर आहे.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर घाबरायला होते. नवा कपॅसिटर बसवला की पट्टे जातील, पण रेग्युलेटर पूर्वीपेक्षा थोडा जास्तच तापेल, कारण त्याच्या तोंडाशी येणारा सरासरी दाब वाढलेला असेल. याचा अर्थ आपले काम चुकले असा नाही. मात्र याच कारणाने मूळ मूल्याच्या दुप्पट-चौपट मोठा कपॅसिटर ठोकून देण्याच्या मोहात पडू नये. त्याने दरी भरते, पण रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यातून प्रवाह अधिक उंच आणि अरुंद धक्क्यांनी वाहू लागतो, आणि लोड तोच असूनही ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार जास्त तापते. मूळ मूल्य किंवा त्याच्या वरचे जवळचे प्रमाणित मूल्य, दाबाची क्षमता २५ व्होल्ट आणि तापमानाची १०५ अंश, एवढे पुरेसे आहे. १०५ अंशांचा आग्रह मी धरतो त्याला हिशेब आहे: तापमान १० अंशांनी उतरले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते. पूर्ण तापमानाला २००० तास टिकणारा ८५ अंशांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ८००० तास टिकेल. तेवढ्याच तासांचा १०५ अंशांचा त्याच जागी ३२,००० तास.

हे सगळे करण्याआधी मोजमाप हवे. हात हे उपकरण फसवे आहे. ६० अंशांचा धातू चटका देतो आणि त्याच तापमानाचे प्लास्टिक नुसते गरम वाटते. थर्मोकपल (टोकाने तापमान मोजणारी तार) असलेला मल्टिमीटर सर्वांत बरा. लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरायचा असेल, तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खूपच कमी आकडा दाखवतो, हे ठाऊक असावे. तिथे मॅट काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवावा आणि त्या टेपवर नेम धरावा. ट्रान्सफॉर्मर जड असल्याने तो स्थिर तापमानाला यायला तासाहून अधिक वेळ घेतो. दहा मिनिटांनी घेतलेल्या आकड्याला अर्थ नसतो. आणि नोंद नेहमी खोलीच्या तापमानाच्या वर किती, अशी करावी, म्हणजे गार दिवशीची आणि उकाड्याच्या दिवशीची नोंद एकमेकींशी ताडून पाहता येते. बाहेरचा प्लास्टिकचा डबा खोलीपेक्षा २० ते २५ अंशांनी वर असेल तर मी तो स्वाभाविक मानतो. ४० अंशांचा फरक दिसला तर यंत्र बंद करतो.

हीटसिंकचा जोड ही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. एकदा एक संगणक माझ्याकडे आला, मालकाने आधीच दोन रेग्युलेटर बदललेले होते. पेटी उघडून मी रेग्युलेटरच्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला, तर तो जोर न लावताच पाऊण वळसा फिरला. रेग्युलेटर उचलला तेव्हा त्याच्या पाठीवर उष्णता वाहून नेणारी जुनी पांढरी पेस्ट होती, पण ती वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. नखाने टोकरताच तिचे कण टेबलावर पडले. त्या पापुद्र्याला रेग्युलेटरच्या फक्त वरच्या कडेचा ठसा होता, म्हणजे खालचा अर्धा भाग हीटसिंकला टेकतच नव्हता. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, हीटसिंकच्या भोकाची उठलेली कड बारीक कानशीने सपाट केली, पेस्टचा पातळ थर दिला आणि स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घालून तो आवळला. तासाभराने रेग्युलेटरच्या धातूचे तापमान ९१ वरून ७८ वर आले होते. नवा भाग एकही लागला नाही. वरच्या हिशेबात जोडाचा १ अंश प्रतिवॅट ३ झाला, तर चिपचा गाभा १२६ अंशांवर जातो आणि मर्यादा ओलांडतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सैल स्क्रूने दोन रेग्युलेटर का खाल्ले ते कळते. पेस्ट मात्र बेताने लावावी. तिचे काम दोन धातूंमधल्या सूक्ष्म खाचा भरण्याचे आहे, आणि जाड थर स्वतःच अडथळा होतो. जिथे रेग्युलेटरची पाठ हीटसिंकपासून विजेने अलग ठेवायची असते, तिथला अभ्रकाचा तुकडा किंवा सिलिकॉनची चकती विसरू नये. ७८०५ ची पाठ जमिनीशी जोडलेली असते म्हणून तिथे बहुधा चालून जाते, पण इतर भागांच्या बाबतीत तसे गृहीत धरू नये.

त्याच बैठकीत रेग्युलेटरच्या पायांचे, ब्रिज रेक्टिफायरचे आणि पॉवर सॉकेटचे सोल्डर भिंगातून पाहावे. तापणे आणि निवणे वर्षानुवर्षे चालले की पायाभोवती बारीक वर्तुळाकार चीर पडते, आणि ती चीर स्वतः उष्णता निर्माण करते. प्लगच्या पिनांचेही तसेच. ऑक्सिडेशनने पिनेचा रोध ०.२ ओहम झाला आणि तिच्यातून दीड अँपिअर गेला, तर ०.३ व्होल्ट तिथेच हरवतात आणि जवळजवळ अर्धा वॅट त्या टाचणीएवढ्या जागेत जळतो. पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले की हेच समजावे. कॉन्टॅक्ट क्लीनरने एकदा सुधारणा होते. प्लास्टिक मऊ होऊन पिना हलू लागल्या असतील तर सॉकेट बदलण्याला पर्याय नाही.

लोडाबद्दल एवढेच सांगतो की मागच्या पोर्टला लावलेले प्रत्येक उपकरण त्याच रेग्युलेटरमधून ५ व्होल्ट घेत असेल, तर तिथल्या प्रत्येक १०० मिलिअँपिअरमागे वरच्या उदाहरणात ०.६ वॅटची भर पडते. कमोडोरने १७६४ या मेमरी विस्तारासोबत अधिक क्षमतेचा पॉवर सप्लायच दिला होता, यावरून मूळ पॉवर सप्लाय किती बेताचा होता ते दिसते. म्हणून आधी सगळे काढून नुसता संगणक तासभर चालवून पाहावा. नुसत्या संगणकाचाच प्रवाह अपेक्षेपेक्षा जास्त असेल, तर बोर्डावरची एखादी चिप शेजारच्या चिपांपेक्षा स्पष्टपणे गरम लागते का ते तपासावे. तेव्हा दोष पॉवर सप्लायचा नसतोच.

आता कायमच्या उपायाकडे. ७८०५ च्या जागी, त्याच तीन भोकांत बसणारे छोटे स्विचिंग मॉड्यूल मिळते. ते जास्तीचा दाब जाळत नाही, तर वेगाने चालू-बंद करून आणि कॉइलमध्ये ऊर्जा साठवून खाली आणते. ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेचे मॉड्यूल घेतले, तर ४.८ वॅटच्या जागी अर्ध्या वॅटपेक्षा कमी उष्णता निघते आणि हीटसिंकची गरजच उरत नाही. याचा दुसरा फायदा लोक सांगत नाहीत: बाहेरच्या डब्यातून घेतला जाणारा प्रवाह ०.८ वरून निम्म्याच्याही खाली येतो, आणि तारेचे तापणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यातली उष्णता पावपटीला येते. माझी स्पष्ट शिफारस हीच आहे. दोन काळज्या घ्याव्यात. लोड हलका झाल्याने त्या ९ व्होल्टच्या तारेवर दाब आणखी चढतो, म्हणून तिथला प्रत्येक कपॅसिटर किमान २५ व्होल्टचा असावा. स्पेक्ट्रममध्ये मेमरीसाठी १२ आणि उणे ५ व्होल्ट बनवणारे छोटे सर्किटही याच तारेवर चालते, तेव्हा बदलानंतर १२ आणि उणे ५ हे दोन्ही दाब मोजल्याशिवाय काम संपले असे मानू नये. दुसरी काळजी चित्रातल्या बारीक जाळीसारख्या दिसणाऱ्या गोंधळाची. मॉड्यूल दर्जेदार असेल तर ती बहुधा दिसत नाही, आणि दिसलीच तर त्याच्या अगदी पायाशी छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावून ती कमी करता येते.

मूळ रेग्युलेटरच ठेवायचा असेल, आणि मूळपणाचा आग्रह मला मनापासून समजतो, तर उष्णतेची वाटणी करता येते. रेग्युलेटरच्या आधी २.२ ओहमचा, ५ वॅटचा रोधक घातला की ०.८ अँपिअरला तिथे सुमारे १.७६ व्होल्ट उतरतात आणि १.४ वॅट रेग्युलेटरवरून त्या रोधकावर जातात, जो १०० अंशांवरही सुखाने जगतो. दरी ९.२ वरून ७.४४ वर येते, म्हणजे ७ च्या वर राहते, पण जेमतेम. कपॅसिटर नवा असल्याखेरीज आणि ऑसिलोस्कोपवर (दाबाचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) दरी पाहिल्याखेरीज हे करू नये. याउलट, रेक्टिफायरच्या जागी कमी दाब खाणारे शॉटकी डायोड लावल्याने तापणे कमी होते, हा सल्ला या रचनेत चुकीचा आहे. डायोडने वाचवलेला दाब पुढे रेग्युलेटरच्याच अंगावर येतो. डायोड थंड होतात, रेग्युलेटर तेवढाच जास्त तापतो.

कमोडोर ६४ चा पॉवर सप्लाय वेगळ्या कारणाने धोकादायक आहे. त्यात ९ व्होल्ट एसी आणि नियंत्रित ५ व्होल्ट डीसी असे दोन पुरवठे असतात, आणि ५ व्होल्टचा रेग्युलेटर संगणकात नव्हे, त्या डब्यातच असतो. अनेक डबे आतून इपॉक्सीने ठासून भरलेले आहेत, त्यामुळे ना हवा खेळते ना कपॅसिटर बदलता येतो; उष्णता बाहेर यायला फक्त डब्याचा पृष्ठभाग. रेग्युलेटर तापून मेला आणि त्याचा आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर दाब शून्यावर न जाता वर चढतो. तो संगणकाच्या चिपांना थेट पोहोचतो, कारण मध्ये अडवणारे काही नसते. या जातीच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवे असतात आणि ७ व्होल्टच्या वर त्यांची सहनशक्ती संपते. पहिला बळी बहुधा मेमरीचा. अटारी कंपनीच्या एक्सएल मालिकेतल्या संगणकांसोबत आलेल्या काही जड, भरीव डब्यांचीही हीच कथा आहे. अशा एका भरीव डब्याने माझ्याकडच्या एका यंत्राचा जीव घेतला. सकाळी मी स्वतः ५.०८ व्होल्ट मोजले होते, आणि त्याच संध्याकाळी आठ मेमरी चिपांपैकी पाच मेल्या. तेव्हापासून, आज मोजून बरोबर आला म्हणून उद्या बरोबर असेल, असे मी या डब्यांबाबत कधीही म्हणत नाही. मूळ डबा जपून ठेवावा, पण वापरासाठी नव्या बनावटीचा पॉवर सप्लाय घ्यावा, आणि तरीही मध्ये ५.५ व्होल्टच्या आसपास पुरवठा तोडणारे संरक्षक सर्किट लावावे. त्याला लागणारे भाग मोजके असतात, आणि त्याच्या पलीकडच्या ध्वनीच्या व चित्राच्या चिपा आता कोणी बनवत नाही.

ज्या संगणकांत मुळातच स्विचिंग पॉवर सप्लाय होता, त्यांचे दुखणे निराळे. १९७७ च्या अ‍ॅपल २ साठी रॉड होल्ट यांनी असा पुरवठा रचला आणि म्हणूनच तो पंख्याविना चालू शकला. १९८१ च्या बीबीसी मायक्रोच्या सुरुवातीच्या यंत्रांत मात्र जुन्या पद्धतीचा पुरवठा होता, तो फार तापे, आणि लवकरच त्याची जागा स्विचिंग पुरवठ्याने घेतली. इथे पाहायचे ते मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, तोंडाशी असलेल्या पारदर्शक, पिवळसर आवरणाच्या कागदी कपॅसिटरकडे. त्या आवरणाला केसासारख्या चिरा पडतात, आत दमटपणा शिरतो, आणि एके दिवशी तो उग्र वासाच्या धुरासह फुटतो. चिरा दिसोत वा न दिसोत, तो एक्स२ वर्गाच्या (मेन्सवर थेट जोडण्यासाठी बनवलेल्या) प्लास्टिक फिल्मच्या कपॅसिटरने बदलावा, साध्या कपॅसिटरने कधीच नाही. दुय्यम बाजूचे कपॅसिटर कमी अंतर्गत रोधाचे, १०५ अंशांचे घ्यावेत. जुन्या कपॅसिटरचा रोध वाढला की तो स्वतःच आतून तापतो आणि शेजारच्यालाही सुकवतो. अशा पुरवठ्यात प्राथमिक, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूच्या कपॅसिटरवर २३० व्होल्टच्या विजेवर ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. १० किलोओहम, ५ वॅटच्या रोधकाने ते उतरवून, मल्टिमीटरवर शून्याजवळ आलेले पाहूनच हात घालावा. ज्याला मेन्सच्या बाजूचे काम सवयीचे नाही त्याने ही पेटी जाणकाराकडे द्यावी, हे मी अगदी निक्षून सांगतो.

पंख्याचा क्रम शेवटी येतो. वर सांगितलेले सगळे केल्यावरही पेटीतली हवा कोंडत असेल, तर १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवर हळू चालवून गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर ओढावी. जोरात आत फुंकल्याने धूळ भरते आणि धुळीचा थर हीटसिंकला गोधडीसारखा झाकतो. बाहेरचा डबा गालिच्यावर, कपाटाच्या मागे किंवा दुसऱ्या डब्यावर ठेवू नये. त्याचे रबरी पाय झिजून गेले असतील तर नवे चिकटवावेत, कारण त्या पाच-सहा मिलिमीटरच्या फटीतून जाणारी हवा खरोखर उपयोगाची असते. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत पुरलेला थर्मल फ्यूज उडाला असेल, तर त्याला तार टाकून वळसा देऊ नये. तो एकदाच उडतो आणि उडाला म्हणजे गुंडाळी कधीतरी खरोखरच धोक्याच्या तापमानाला पोहोचली होती.

आपल्या स्पेक्ट्रमपुरते सांगायचे तर डब्यातला कपॅसिटर आधी बदला, मग हीटसिंकचा जोड नवा करा आणि पट्टे गेले का ते पाहा. त्यानंतर रेग्युलेटरच्या धातूवर थर्मोकपल चिकटवून, पेटी बंद करून, तीन तास चालवा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. दोन तासांनंतर आकडा स्थिर झाला आणि ८० च्या खाली असला, तर तसेच वापरायला माझी हरकत नाही. तो ८० च्या वर गेला किंवा दोन तासांनंतरही चढतच राहिला, तर बंद करून स्विचिंग मॉड्यूल बसवा.